जमिनीची कल्हई

सून घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि गेले चार महिने तिनं घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. भामाकाकीच्या लेखी याहून मोठा गुन्हा नव्हता. उशिरा उठली असती तर चाललं असतं. आमटीत तिखट जास्त पडलं, तेही चाललं असतं. आर्वीची पोर, वऱ्हाडातली, तिचा हात तिखटाच्या डब्याकडे वळायचाच. पण पाणी? हाडवैऱ्याच्या ओटीवर गेलं तरी माणूस घोटभर पाणी घेतं. नाही घेतलं तर त्याचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. तुमचं घर आम्हाला चालत नाही, असा तो अर्थ.

आणि घर कुणाचं? सातकुंडीच्या गुरवांचं. ज्या घराच्या हातचं तीर्थ घ्यायला पंचक्रोशी दारात उभी राहायची, त्या घरची सून पलंगाखाली निळ्या झाकणाच्या बाटल्या लपवते!

"लपवायच्या तरी कशाला?" परसात भांडी आपटत भामाकाकी म्हणाली. "चव्हाट्यावर मांड म्हणावं. लोकांना कळू दे, गुरवाची सून केवढी महाराणी लागून गेली ती."

"कळलंय लोकांना," गडग्यापलीकडून सुमती पाष्टे म्हणाली. तिच्या कडेवर नातू होता, सव्वा वर्षाचा. अजून धड बसत नव्हता. "फाटकावरचा पहारेकरी सांगत होता, दर सोमवारी दोन खोकी आत येतात."

"तुझं बरंय गो. पहारेकऱ्याच्या पोटातलं सगळं तुझ्या कानात."

सुमती हसली आणि गेली. पण बोल काळजात रुतून राहिला.

सुनेचं नाव चारुलता, सगळे चारू म्हणत. कंपनीच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करायची. मुलगा विश्राम त्याच कंपनीत पंपावर. दोघांचं तिथंच जमलं. भामाकाकीनं नाक मुरडलं, पण मोडता घातला नाही, कारण सून शिकलेली होती आणि भामाकाकी स्वतः दुसरीतून शाळेबाहेर पडलेली. वाडीतल्या नळावर दर महिन्याला कागद लागायचा, 'पाणी पिण्यास योग्य', खाली चारूची सही. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून भामाकाकी त्या सहीवर बोट ठेवायची. "माझी सून."

आता तीच सून ते पाणी पीत नव्हती.

एकदा माठातल्या पाण्याची चव भामाकाकीला वेगळी लागली. विचारलं तर चारूनं खाली मान घालून सांगितलं, "मीच बाटल्यांचं भरलं, आई. तुम्हीपण तेच पीत जा ना. एवढं ऐका माझं."

"का म्हणून?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे काय? जिभेला गाठ बसलीय?"

भामाकाकीनं माठ उचलला, अबोलीच्या वाफ्यात रिकामा केला, नळावरून तांब्या भरून आणला आणि सुनेच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या उभ्या पिऊन टाकला. त्या दिवसापासून तो नेमच पडला. रोज सकाळी सुनेसमोर एक तांब्या, गटागटा. विश्राम मध्ये पडायला गेला. "आई, तिला दिवस गेलेत. मळमळत असेल."

"मळमळ पाण्यानं होत नाही, मिजाशीनं होते," भामाकाकी म्हणाली.

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालातली. सातकुंडीत तेव्हा कुंड एकच उरलं होतं. बाकीची सहा, कंपनीनं जमिनीत खोल विंधणं मारल्यावर एकेक करून आटली. घरोघरच्या विहिरी कोमट झाल्या, मग खारट झाल्या, मग बुजवल्या; वाडीच्या नळाला पाणी आता त्याच एका कुंडाचं. वाडीच्या तिन्ही बाजूंनी हाताच्या कवेत न मावणारे नळ आले, चौथ्या बाजूला फाटक. फाटक मनगटावरच्या पट्ट्यानं उघडायचं. फाटकाबाहेर दुकान, दवाखाना, रस्ता; आत चाळीस घरं आणि कुंडजाईचं देऊळ. जावईपाहुणा यायचा तर आधी नाव कळवावं लागे. वाडीनं जमिनी दिल्या तेव्हा कुणी हिसकावून घेतल्या नव्हत्या. वीज फुकट होती, पोरांना कामं होती. कोंबड्यालाही खुराड्यात दाणे मिळतातच.

कंपनी काढत होती ते लिथियम. आगगाड्यांपासून गिरणीपर्यंत सगळं ज्याच्यावर चालतं त्या बॅटऱ्यांत घालायचं. ते काही खाणीतून खणून काढत नसत. सातकुंडीच्या पोटात अडीच किलोमीटर खाली दगड इतका तापलेला, की पाण्याची तिथं वाफच व्हावी. पण डोक्यावर एवढ्या मोठ्या दाबाचं ओझं, की वाफ होता येत नाही, नुसतं तापत राहायचं. असं तापलेलं खारं पाणी दगडाच्या फटीफटीतून फिरतं, दगडाला चाटतं आणि त्यातले धातू उचलतं. सगळे नाही उचलत. प्रत्येक धातूचा आपला स्वभाव. लिथियम हलक्या पायाचं, पाणी गरम झालं की निघालं. शिसं घरकोंबडं, दगडातच बरं असतं. पण पाणी पुरेसं गरम, पुरेसं खारट आणि थोडं आंबट झालं, की तेही उंबरा ओलांडतं. दगडाकडे किती राहायचं आणि पाण्याकडे किती जायचं, याचं प्रमाण ठरलेलं असतं. चारू त्याला वाटणी म्हणायची. दोन भावांत जमीन वाटावी तशी खनिज आणि पाणी यांच्यात धातूची वाटणी. किती गरम, किती खारट, किती आंबट, किती गंधक, एवढं सांगितलं की तिनं संगणकावर बसवलेला तक्ता तीस धातूंची वाटणी मांडून दाखवायचा. लिथियम काढून घेतलं की उरलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं, पुन्हा तापायला. नळांत गारगोटीचा थर बसू नये म्हणून त्यात आम्ल घालायचं. पाणी खाली, पाणी वर. रहाटगाडगंच ते.

या रहाटगाडग्याला सुरुवातीला वास फार यायचा. कुंडाला नासक्या अंड्याचा वास पूर्वीही होताच, पण मंद, ओळखीचा; पंप सुरू झाल्यावर जेवताना घास उतरेना. तेव्हा वाडीच्या बायकांना घेऊन कंपनीच्या दारात बसली ती भामाकाकीच. साहेब खुर्चीत, ही जमिनीवर, आणि तरी बोलताना मान खाली होती ती साहेबाची. "तुमच्या घरच्या देवघरात असा वास आला तर चालेल का हो?" तिनं विचारलं होतं. महिन्याभरात कंपनीनं नवं यंत्र बसवलं, पाण्यातला वासाचा वायूच काढून टाकणारं. वास गेला. वाडीनं भामाकाकीला साडी नेसवली. हिरवीगार, मोराच्या काठाची.

त्या विजयानंतर काही महिन्यांनी एक गोष्ट झाली, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

सातकुंडीची रीत अशी, की सातवा महिना लागला की गरोदर बाईची जोडवी लाल फडक्यात बांधून संध्याकाळी कुंडात सोडायची. सकाळी गुरवाच्या घरच्या बाईनं ती वर काढून सगळ्यांसमोर गाठ सोडायची. चांदी काळी पडलेली असायची. बाळाला लागायची ती दृष्ट देवीनं चांदीवर घेतली, असं म्हणायचं. मग त्या बाईनं कुंडाचं ओंजळभर पाणी प्यायचं आणि डोहाळजेवणाला बसायचं. भामाकाकीच्या आजेसासूपासून चांदी काळीच निघत आली होती. गेल्या वर्षीच्या शिमग्यात सुमतीच्या थोरल्या सुनेची जोडवी पहाटेच भामाकाकीनं सहज फडकं उघडून पाहिली, तर पांढरीशुभ्र.

देवीनं पाठ फिरवली. आणि फिरवली ती गुरवाच्या हातून. हे वाडीला सांगायचं कोणत्या तोंडानं?

तिनं नाही सांगितलं. तिनं एक अंडं उकडलं.

यंदा गणपती होऊन गेले आणि वाडीत एकाच वेळी दोघींना सातवा लागला. एक चारू, दुसरी प्रणिता, सुमतीची धाकटी सून. कार्यक्रम एकत्रच ठरला, रविवारी सकाळी अकराला. आदल्या दिवशी भामाकाकीनं सुनेला बजावलं, "उद्या सगळ्या वाडीसमोर ओंजळ प्यायची आहे. घरात काय नखरे करायचेत ते कर. तिथं माझी मान खाली गेली, तर मी तुझी सासू नाही आणि तू माझी सून नाहीस."

चारूचा चेहरा चुन्यासारखा झाला. "आई, नाही प्यायले तर?"

"तर निळ्या झाकणाच्या बाटलीतच संसार कर."

रविवारी पहाटे नेमाप्रमाणे भामाकाकी अंधारातच कुंडावर गेली, दोन्ही फडकी काढून आणली, मागच्या पडवीत चुलीवर दोन अंडी उकडली, पिवळा बलक कुस्करला, त्यात दोघींची जोडवी दडपली आणि डबीचं झाकण लावलं. नऊ वाजता झाकण उघडून बघते, तोच दारात चारू. सातव्या महिन्यातल्या बाईचं नाक.

"आई? आज, देवीच्या कार्याच्या दिवशी अंडं?"

"जा बाहेर."

चारूची नजर डबीकडे गेली. बलकातून काळी कडी डोकावत होती. ती पुढे आली, एक जोडवं उचललं, बोटानं पुसलं, उजेडात धरलं.

"तुम्ही चांदी काळी करताय."

"तू मला विचारू नकोस," भामाकाकी फिसकारली. "पाण्याचं मी तुला विचारायचं सोडलं. हे तू मला विचारू नकोस. फिट्टंफाट."

पण चारू रागावली नव्हती. ती पाटावर मटकन बसली, पोट सावरत. "एवढंच सांगा. कुंडात चांदी काळी पडायची कधी थांबली?"

हा प्रश्न भामाकाकीला कुणी कधी विचारला नव्हता. कुणी विचारील या भयानं दीड वर्ष तिला धड झोप नव्हती, आणि विचारला गेला तो असा, चोर पकडल्यासारखा नाही, हरवलेली किल्ली सापडल्यासारखा.

"गेल्या शिमग्याच्या आधीच्या शिमग्याला," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं."

"आणि अंड्याचं कसं सुचलं?"

"कसं म्हणजे? देवानं नाक दिलंय ना! कुंडाला जो वास यायचा तोच उकडलेल्या अंड्याला येतो. चांदीचा चमचा अंड्यानं काळा पडलेला मी बघितलाय. वास एक तर काम एक."

चारूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते की हसते ते कळेना. "चार महिने मी याच्यावर डोकं आपटत होते, आई. आणि उत्तर तुमच्या डबीत."

"कसलं उत्तर? सरळ बोल. माझी दुसरी झालीय, तेवढ्यात बसेल असं."

मग चारूच्या जिभेची गाठ सुटली. "कुंडाच्या पाण्यात शिसं येतंय. चार महिन्यांत चार वेळा तपासलं, चारही वेळा होतं. माझा तक्ता म्हणायचा, नसायला हवं. कारण खाली गरम पाण्यानं शिसं उचललं, तरी वर येताना पाणी निवतं, त्यात गंधक असतो, शिसं गंधकाला चिकटतं आणि वाटेतच दगडावर बसून जातं. ही सातकुंडीची हजारो वर्षांची वाटणी. म्हणून तर तुमच्या आजेसासूबाई पाणी प्यायल्या आणि नव्वद वर्षं जगल्या. पण खालचा गंधक मोजायचं यंत्र दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. साहेब म्हणाले, जुनाच आकडा धर. मी धरला. तक्त्याला वाटतंय गंधक आहे."

"आणि नाही."

"नाही. वासाचा वायू म्हणजे गंधकच, आई. परत सोडायच्या पाण्यातून तो काढून टाकतात, वर आम्ल घालतात. आता शिशाला धरून ठेवायला खाली कुणी नाही. पकडीचं माणूसच गेलं, तर ते येतं सरळ कुंडात, कुंडातून नळात."

भामाकाकी चुलीपुढं बसून राहिली. तिच्या मागे फळीवर आजेसासूची पितळी पातेली होती, आतून कल्हई केलेली, चांदीसारखी. नवी नवरी असताना एकदा तिनं कल्हई गेलेल्या पातेल्यात चिंचेची आमटी केली होती. आमटी कळकली. हिरवट, कडू. सगळं घर ओकत होतं आणि सासूनं एवढंच म्हटलं होतं, भांडं बघून आंबट घालावं.

"कळकलं," ती हळूच म्हणाली. "गरम, खारट, आंबट. आणि भांड्याला कल्हई नाही. म्हणजे अख्खी जमीन कळकली गो."

"हो."

"वास ही कल्हई होती."

"हो, आई."

"आणि ती खरवडून काढा म्हणून दारात बसले ती मी." तिला ती हिरवीगार साडी आठवली. पेटीत घडी घालून ठेवलेली.

चारूनं काळं जोडवं परत डबीत ठेवलं.

"तू का नाही सांगितलंस?" आता भामाकाकीचा आवाज चढला. "चार महिने मी तुला नाही नाही ते बोलले. रोज तुझ्यासमोर ते विष प्यायले. तू बघत उभी!"

"करार आहे. आतलं बाहेर सांगितलं की माझी आणि ह्यांची, दोघांची नोकरी जाते, पट्टे बंद होतात. फाटकाबाहेरचा दवाखाना कंपनीचा. बाळंतपण कुठं करू? साहेब म्हणाले, नमुन्याच्या बाटल्या अस्वच्छ असतील, सही कर. मला वाटलं, मीच चुकले असेन. तक्ता माझाच ना. मी सही केली, आणि घरी येऊन पाणी पिऊ शकले नाही." तिनं पोटावर हात ठेवला. "आणि त्याचाही उपयोग नाही, आई."

"म्हणजे?"

"शिसं अंगात गेलं की हाडांत जाऊन बसतं. हाड हेही खनिजच, आणि रक्त हे गरम पाणी. तीच वाटणी. बाई गरोदर राहिली की बाळ चुना मागतं, हाडं चुना सोडतात आणि त्याच्याबरोबर जुनं शिसंही सोडतात. हे पाणी सोडण्याआधी वर्षभर मी पीतच होते. मी बाहेरून दार लावलं, पण ते आधीच आत येऊन बसलंय."

बाहेर बायका जमू लागल्या होत्या. बांगड्या, हसणं, कुणाचं तरी डोहाळ्याचं गाणं. भामाकाकीनं दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीतून नळ दिसत होता, नळापलीकडे कुंपण. पन्नास वर्षांच्या संसारात हे घर तिला कधी एवढं लहान वाटलं नव्हतं.

"कंपनी बंद पडली तर?"

"आज पंप थांबवला तरी खाली जे सुटलंय ते नऊ-दहा वर्षं येत राहणार. गंधक परत सोडला तर लवकर आवरेल. पण त्यासाठी आधी कुणीतरी सांगायला हवं ना, की तो गेलाय."

"सुमतीचा नातू बसत नाही, ते यामुळं?"

चारूनं मान खाली घातली. "माहीत नाही. रक्त तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. पण मला त्याच्याकडे बघवत नाही."

भामाकाकीला आठवलं. नेहमी मुलं दिसली की उचलून घेणारी ही पोर, सुमती गडग्याशी आली की आत निघून जायची. त्यालाही ती मिजास म्हणाली होती.

दोघी एका चुलीपाशी राहिल्या चार महिने. हिच्याकडे चांदी होती, तिच्याकडे आकडा. एकमेकींच्या तोंडावर दार लावून बसल्या.

"आई!" विश्राम ओटीवरून ओरडला. "चला लवकर. प्रणिताला कुंडावर नेलंय. सुमतीकाकू म्हणते, मुहूर्त टळायला नको, फडकी घेऊन तुम्ही मागून या, ओंजळ आधी घेऊ."

भामाकाकी उठली. गुडघे वाजले. डबी तिनं पदराखाली घेतली आणि चालू लागली, आणि सत्तरी उलटलेली ती बाई पायरीगणिक अशी धावत सुटली, की मागून येणाऱ्या सुनेला "आई, हळू" म्हणायलाही दम उरला नाही.

कुंडाच्या काठावर चाळीस घरांतल्या बायका दाटल्या होत्या. मध्ये प्रणिता, हिरव्या चुड्याची, नाकात नथ, लाजून लाल झालेली. ती वाकली. ओंजळ भरली. पाणी नितळ होतं, कोमट, कसलाही वास नसलेलं. ओंजळ ओठांपर्यंत आली आणि भामाकाकीनं तिच्या हातावर फाटकन मारलं.

पाणी दगडावर सांडलं. गाणं तुटलं.

"काकी!" सुमती किंचाळली. "पोटुशीच्या हातातलं तीर्थ उडवलंत? डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं असतं तर बरं झालं असतं." भामाकाकीला धाप लागली होती. तिनं मनगटातलं चांदीचं कडं ओढून काढलं, प्रणिताच्या ओढणीला बांधून कुंडात सोडलं आणि काठावर बसली. "थांबा सगळ्या. घटकाभर थांबा. कुणी हलायचं नाही."

कुणी हललं नाही. भामाकाकीनं असं सांगितल्यावर हलायची त्या वाडीत पद्धत नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं कडं वर काढलं. उन्हात ते लख्ख पांढरं चमकलं. मग तिनं पदराखालून डबी काढली आणि सगळ्यांसमोर दगडावर पालथी केली. कुस्करलेला बलक, आणि त्यात काळी जोडवी.

"बघा. दीड वर्ष या कुंडात चांदी काळी पडत नाही. मी पाडत होते. अंड्यानं. गुरवाच्या घराचा मान जाऊ नये म्हणून."

कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि लगेच थांबलं. सुमतीनं एवढंच विचारलं, "आमच्या थोरलीची?"

"तुझ्या थोरलीचीही. ती पांढरी निघाली होती, सुमती. देवी सांगत होती, मी तिचं तोंड दाबलं. मला काय म्हणायचं ते म्हण. आजपासून या घराला मान नाही, मी सोडला."

सुमतीनं कडेवरचं पोर छातीशी घट्ट धरलं. त्याची मान तिच्या खांद्यावर कलली. "पण चांदीचं काय एवढं? पाण्याला काय झालंय? नळावर कागद आहे की, तुमच्याच सुनेच्या सहीचा!"

सगळ्या वळल्या. चारू पायऱ्यांवर उभी होती, कठड्याला धरून. तिच्या मनगटावरचा कंपनीचा पट्टा हिरवा लुकलुकत होता. पायऱ्यांच्या वर विश्राम थांबला होता. त्याच्याही मनगटावर तसाच. त्यानं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पट्ट्याचा हात पाठीमागे लपवला.

भामाकाकी उठून तिच्यासमोर गेली. वर पायरीवर सून, खाली सासू, आणि तरी मान खाली होती ती सुनेची.

"सून माझी आहे, तेव्हा निवाडा मीच करणार," भामाकाकी म्हणाली, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तू घरचं पाणी प्यायली नाहीस म्हणून चार महिने मी तुला घालूनपाडून बोलले. ते सगळं परत घेते, या बायांसमोर. पण तू एकटीच प्यायली नाहीस, ते नाही सोडणार. नळावरची सही तुझी आणि पलंगाखालच्या बाटल्याही तुझ्याच, हे गुरवाच्या घरात चालणार नाही. मला काय शिक्षा द्यायची ती वाडी देईल. तुझी मी देते. आजपासून या वाडीतल्या बाया जे पाणी पितील, तेच तू प्यायचंस. एक घोट वेगळा नाही. ही प्रणिता उभी आहे, सकाळपासून उपाशी, तहानलेली. आता सांग तिला, कुठलं प्यायचं."